गंगेतला बिघडलेला पंप

उदय खांबेटे यांचा एक साधा नियम होता: माणूस जितका लांब, तितका फोनवरचा आवाज मोठा. पुण्यात पलीकडच्या सोसायटीतल्या मित्राशी ते नुसत्या मोठ्या आवाजात बोलत, नाशिकच्या बहिणीशी त्याच्या दुप्पट. आणि आता तर ते क्योतोहून पुण्याला बोलत होते. मध्ये सहा हजारांवर किलोमीटर!

"अंबरीषराव! ऐकू येतंय का? मी ज-पा-न-हू-न बोलतोय!"

अंबरीषरावांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी हलकेच सरकवून बंद केली, ते मात्र मितालीला स्पष्ट ऐकू आलं.

मिताली ही खांबेट्यांची एकुलती एक मुलगी. क्योतोच्या विद्यापीठात ती गंगेतल्या डॉल्फिनच्या आवाजांवर पीएच.डी. करत होती आणि उदयराव आणि नीलिमाताई, म्हणजे तिचे आईबाबा, तीन आठवड्यांसाठी तिच्याकडे आले होते. तिच्या इमारतीच्या भिंती इतक्या पातळ होत्या की शेजारच्याने शिंक आवरली तरी इकडे कळावं. चौथ्याच दिवशी जिन्यापाशी एक कागद लागला. मितालीने तो बाबांना वाचून दाखवला. 'सर्व रहिवाशांना नम्र विनंती. घरातल्या आवाजाबाबत आपण एकमेकांची काळजी घेऊ या.'

"अगदी योग्य!" उदयराव म्हणाले. "कोण करतो गं एवढा आवाज इथे? सांगायला हवं त्याला."

"सांगा की," नीलिमाताई कणीक मळता मळता म्हणाल्या. "न्हाणीघरात आरसा आहे."

गंमत म्हणजे उदयराव आवाजाचे हाडवैरी होते. निवृत्त झाल्यापासून त्यांनी वर्तमानपत्रांना एकतीस पत्रं लिहिली होती. डीजे, हॉर्न, वरातीतले फटाके, कशाकशाला त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या भजनी मंडळाचा स्पीकर तेवढा त्यात येत नसे; कारण तो आवाज नव्हता, ती भक्ती होती. वाचकहो, हसू नका. आपलं ते भजन आणि दुसऱ्याचा तो गोंगाट, ही वाटणी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेली असते.

हाताशी पखवाज नसला तरी उदयरावांचं काही अडत नसे. मितालीचं जेवणाचं टेबल होतं, कपाटाचं दार होतं, एकदा तर बसमध्ये समोरच्या सीटची पाठ होती. आठ मात्रांचा भजनी ठेका त्यांच्या बोटांतून आपोआप झरत असे, आणि आठव्या मात्रेवर ते हटकून जरासे रेंगाळत. मंडळात पेटी वाजवणारे अंबरीषराव त्यावरून त्यांना छळत. "खांबेटे, तुमची आठवी मात्रा नेहमी मागच्या गाडीने येते." उदयराव म्हणत, "ती चूक नाही, ती माझी सही आहे."

सोमवारी मितालीने दोघांना प्रयोगशाळा दाखवायला नेलं. तिचे मार्गदर्शक मोरिता सेन्सेई यांनीच आग्रहाने बोलावलं होतं. मोरिता साठीचे, बारीक चणीचे आणि इतके हळू बोलणारे की उदयरावांना पहिली पाच मिनिटं वाटलं, यांचा घसा बसला आहे. दोघांच्या बोलण्याचं भाषांतर मिताली करत होती. उदयराव मात्र बसपासूनच फॉर्मात होते.

"फेब्रुवारीत आमचं अख्खं मंडळ काशीला गेलं होतं बरं का, मोरिता-सान! अठरा जण! तिथून मी सगळ्यांना ओढत तुमच्या अभयारण्यात नेलं. म्हटलं, पोरीचे डॉल्फिन बघितल्याशिवाय परत जायचं नाही. आणि आले ना! आमचं भजन ऐकायला तीनदा वर आले!"

"असं का," मोरिता म्हणाले आणि त्यांनी मान लववली.

"बाबा, नंतर," मिताली पुटपुटली. हे वर्णन तिने फोनवर आठ-दहा वेळा ऐकलं होतं. गंगेवरचं ते डॉल्फिन अभयारण्य साठ किलोमीटर लांबीचं. त्यात बाबा नेमके कुठे गेले होते, हे विचारायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

मग तिने आईबाबांना आपलं काम समजावून सांगितलं. गंगेतल्या डॉल्फिनच्या डोळ्यांना भिंगच नसतं. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोगही फारसा नाही. तो डोक्यातून बारीक टकटक असे ध्वनी सोडतो आणि त्यांचा प्रतिध्वनी ऐकून मासा कुठे, काठ कुठे, पिल्लू कुठे ते ओळखतो. हे ध्वनी माणसाला ऐकू येत नाहीत. संथ करून ऐकावे लागतात. म्हणून नदीत ठिकठिकाणी बांबू रोवून, त्यांना पाण्याखाली ध्वनिमुद्रक बांधले होते. फेब्रुवारीतल्या दहा दिवसांची नोंद. त्यांतला चार नंबरचा बांबू सर्वांत महत्त्वाचा, कारण तिथे एक मादी आपल्या पिल्लाला घेऊन राहत होती.

"दिवसरात्र तिची टकटक चालू असते," मिताली म्हणाली. "फक्त सातव्या दिवशी ती थांबते. सकाळी दहा बावन्नला पाण्यात एक भयंकर आवाज सुरू होतो, चाळीस मिनिटं चालतो, आणि मग तीन तास चाळीस मिनिटं काही म्हणजे काही नाही. मायलेकरं तिथून पळूनच गेली."

"कसला आवाज?" नीलिमाताईंनी विचारलं.

"आम्ही त्याला स्रोत क्रमांक नऊ म्हणतो. माझे तीन आठवडे त्यात गेले. शेवटी यांत्रिकी विभागातल्या एका मुलाने अहवाल दिला. कोळ्यांच्या होडीवरचा डिझेल पंप असावा, आणि तो बिघडलेला. एक व्हॉल्व्ह नीट बसत नाही."

"कशावरून?"

"दर आठवा ठोका उशिरा पडतो."

नीलिमाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. उदयराव भिंतीवरचा गंगेचा नकाशा पाहत होते. त्यात चार नंबरची लाल खूण होती, शेजारी मोठा घाट होता, आणि घाटासमोर वाळूचं बेट.

मोरितांनी हलक्या हाताने बटण दाबलं.

धा धिं ना ना, धा तिं ना... ना. धा धिं ना ना, धा तिं ना... ना.

त्यामागे बुडबुड्यांतून आल्यासारखा स्पीकरचा खर्ज घुमत होता. लाकडावर काठी आपटत होती. प्रयोगशाळेतले पाच विद्यार्थी गंभीर चेहऱ्याने तो बिघडलेला पंप ऐकत होते. उदयरावांच्या मांडीवर त्यांची बोटं आपोआप हलू लागली. त्यांनी दुसऱ्या हाताने ती घट्ट धरली.

"ऐकलात व्हॉल्व्ह?" मिताली म्हणाली. "याच पुराव्यावर आम्ही शिफारस करतोय. चार नंबरच्या पट्ट्यात कोळ्यांच्या इंजिनाच्या होड्यांना बंदी. शुक्रवारी अहवाल वनखात्याला जाईल."

"म्हणजे त्या कोळ्यांचं काय होणार?" नीलिमाताईंनी विचारलं.

"घाटावर चाळीस घरं आहेत. मासळी पैलतीरावरच्या बाजारात न्यायला त्यांना दुसरा रस्ता नाही, लांबून वळसा घालावा लागेल. वाईट वाटतं, आई. पण पिल्लू जगायला हवं."

उदयराव काहीच बोलले नाहीत. छत्तीस वर्षांच्या संसारात हे प्रथमच घडत होतं. मोरिता सेन्सेईंनी काळजीने चहाची सुट्टी जाहीर केली.

बाहेरच्या व्हरांड्यात पेयांच्या यंत्रासमोर उदयराव उभे होते. कुठलंही बटण न दाबता ते गरम कॉफीच्या डब्यांकडे एकटक पाहत होते. नीलिमाताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"अहो पंप."

"हळू बोल!"

"आज तुम्ही मला हळू बोल म्हणताय?"

"अगं, तिची शोभा होईल. सगळ्यांदेखत! बापाने मुलीच्या प्रबंधाची वाट लावली म्हणतील."

"ती लागलीच आहे. आता प्रश्न एवढाच आहे की नाव कोणाचं लागणार." नीलिमाताईंनी आवाज चढवला नाही, त्यांना त्याची कधी गरज पडत नसे. "तो होडीवाला आठवतो का?"

आठवत होता. रामसकल नाव, घाटावरचाच कोळी; होडीला इंजिन, वल्ही फक्त अडीनडीला. उदयरावांनी स्पीकर होडीच्या तळाच्या फळीवर ठेवला तेव्हा तो हात जोडून म्हणाला होता, "बाबूजी, बाजा मत बजाइए. सोंस डर जाएगा." सोंस म्हणजे डॉल्फिन, तिकडचे लोक तसंच म्हणतात. उदयराव हसून म्हणाले होते, "अरे भाई, भजन से कोई डरता है क्या?" पाण्यातून वर आलेल्या एका बांबूला होडी बांधायला रामसकल तयार नव्हता. "साहब लोगों का है," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पण होडी हलती असली तर फोटो नीट येत नाहीत, म्हणून उदयरावांनी स्वतः दोर टाकला, वल्ह्याचा दांडा घेतला आणि फळीवर ठेका धरला. काळी पाठ तीनदा पाण्यावर आली तेव्हा अठरा जणांनी टाळ्या पिटल्या होत्या.

"त्याने अडवलं होतं," नीलिमाताई म्हणाल्या. "तुम्ही ऐकलं नाहीत. मीही गप्प बसले, टाळ्या वाजवल्या, माझंही चुकलंच. आता शुक्रवारी त्याचीच होडी बंद होणार, तुमच्या आठव्या मात्रेपायी. तुम्ही सांगता की मी सांगू?"

उदयराव आत गेले. टेबलापाशी उभे राहिले. सवयीने त्यांनी घसा खाकरला, तेवढ्याने दोन विद्यार्थी दचकले.

"मोरिता-सान, तो पंप नाही!"

"पंप नाही?"

"नाही! तो मी आहे!"



"बाबा!" मिताली किंचाळली. त्या इमारतीत इतका मोठा आवाज बहुधा प्रथमच निघाला असावा. "तीन आठवडे! तीन आठवडे मी तुमचा व्हॉल्व्ह शोधतेय!"

उदयरावांनी सगळं सांगितलं. स्पीकर, दांडा, बांबू, रामसकल. फोनमधला फोटोही दाखवला. अठरा हसरे चेहरे, मध्ये दांडा उगारलेले ते स्वतः, मागे बांबू, बांबूवर रंगवलेला इंग्रजी चार. वेळ, अकरा वाजून तीन मिनिटं.

मोरितांनी फोटो बराच वेळ पाहिला. "उदय-सान, एक विचारू? डॉल्फिन तीनदा वर आले म्हणालात. किती किती वेळाने?"

"लगेच लगेच. मला वाटलं, त्यांना आवडलं."

"पिल्लू बरोबर असलं आणि घाईने निघायचं असलं, तर पटापट श्वास घ्यावा लागतो." मोरिता नेहमीच्याच आवाजात बोलत होते. "ते आले नव्हते. ते चालले होते."

उदयराव खुर्चीत बसले. "पण मी प्रेमानेच केलं हो. भक्तीने केलं. माझ्या मनात..."

"माहीत आहे. पण आमच्या यंत्रांना मन मोजता येत नाही. प्रेमाने मारलेला ठोका आणि रागाने मारलेला ठोका पाण्यात सारखाच उतरतो. तुम्ही नुसतं गायला असतात तर फारसं काही झालं नसतं. हवेतला आवाज पाण्यात फार कमी शिरतो. फळीवरचा मात्र थेट जातो. ज्याला डोळे आहेत त्याच्या खोलीत अचानक धूर भरावा, तसं झालं असेल त्या मादीला. पिल्लू कुठे आहे तेच दिसेना." त्यांनी फोन उदयरावांना परत दिला. "आणि होडीवाल्याने तुम्हाला हे शास्त्र एका वाक्यात सांगितलं होतं. मला चाळीस वर्षं लागली."

उदयराव खाली मान घालून बसले होते. आता हे सगळं संपलं असं त्यांना वाटत होतं, पण मोरिता सेन्सेई शास्त्रज्ञ होते.

"कबुली चांगली आहे," ते म्हणाले. "पण पुरावा नाही. फोटोवरून एवढंच सिद्ध होतं की तुम्ही तिथे होतात. आवाज तुमचाच, हे कसं ठरवायचं? माझा विश्वास आहे. पण परीक्षकांचा बसणार नाही."

आणि अशा रीतीने दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीच्या मागच्या चाचणीच्या हौदात लाकडी फळी तरंगत ठेवली गेली, पाण्याखाली ध्वनिमुद्रक सोडला गेला, आणि कोणाचे तरी रबरी बूट घालून, हातात दांडा घेऊन उदय खांबेटे काठावर बसले. समोर वह्या उघडून विद्यार्थी. असे एकाग्र श्रोते त्यांना आयुष्यात मिळाले नव्हते. आणि आयुष्यात प्रथमच त्यांना वाजवायची लाज वाटत होती.

"सहज वाजवा," मोरिता म्हणाले. "मुद्दाम चुकू नका, मुद्दाम सुधारू नका."

"त्यांना सुधारता येतच नाही," नीलिमाताई म्हणाल्या. मितालीने कर्तव्य म्हणून त्याचंही भाषांतर केलं.

चाळीस मिनिटं ठेका चालला. मग पडद्यावर दोन आलेख एकमेकांवर ठेवले गेले. गंगेतली आठवी मात्रा एका सेकंदाच्या शंभरपैकी चौदा भाग उशिरा. हौदातली आठवी मात्रा, चौदा भाग उशिरा! जुळलं! विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. यांत्रिकीचा तो मुलगा पुढे आला, कमरेत पार वाकला आणि आपण त्यांना बिघडलेला पंप म्हटल्याबद्दल त्याने मनापासून क्षमा मागितली.

"नाही बाळ," उदयराव कसनुसे हसत म्हणाले. "तुझं निदान अगदी बरोबर होतं."

मितालीने पुढचे दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. पण ती रात्रंदिवस आकडे तपासत होती. कोळ्यांच्या होड्या दहाही दिवस चार नंबरवरून जात-येत होत्या. दर वेळी मादी पाच-सहा मिनिटं बाजूला होई आणि परत येई. इतके दिवस सातव्या दिवसाच्या त्या दणक्यापुढे ही साधी गोष्ट कोणाला दिसलीच नव्हती. गुरुवारी तिने बंदीचं कलम खोडलं. नवं कलम लिहिलं: पर्यटकांच्या होडीत स्पीकर नको, फळीवर ठोके नकोत, ध्वनिमुद्रकाच्या बांबूला होडी बांधायची नाही, आणि होडीवाला जे सांगेल ते शेवटचं. तळटीप तिने मराठीत आधी बाबांना वाचून दाखवली.

"'स्रोत क्रमांक नऊ: सहलीला आलेला एक निवृत्त गृहस्थ, स्वतःहून पुढे येऊन माहिती दिली.' नाव घालत नाही," ती म्हणाली.

"घाल," उदयराव म्हणाले. "त्या चाळीस घरांवर आळ आला होता. तो कोणावर तरी उतरवायला नको का?"

मितालीने नाव टाइप केलं. "चहा घेणार का, बाबा?" हे दोन दिवसांतलं कामाबाहेरचं तिचं पहिलं वाक्य होतं.

"घेईन. पण मला एक ऐकायचं आहे. ते तीन तास चाळीस मिनिटं."

"त्यात काहीच नाही, बाबा. रिकामं आहे."

"माहीत आहे. मीच रिकामं केलंय ना! सगळं ऐकायचं आहे."

रविवारी दुपारी मितालीने त्यांना प्रयोगशाळेत नेलं आणि त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. डॉल्फिनची टकटक आली तर ऐकू येईल अशी सोय तिने करून दिली होती. उदयराव खिडकीपाशी बसले. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी चार वेळा घड्याळ पाहिलं. मग ते पाहणंही थांबलं. पाणी वाहत होतं. वाळूचे कण ध्वनिमुद्रकाला घासत होते. लांबून एक होडी आली आणि गेली. कोणीतरी पाण्यात उडी मारली, बहुधा एखादं पोर असेल. जिच्यासाठी ते एवढ्या लांब गेले होते ती तिथे नव्हती. ती आपलं पिल्लू धुंडाळत, दिसेनाशा झालेल्या नदीतून कुठे गेली असेल? ती परत आली हे त्यांना माहीत होतं, मितालीने सांगितलंच होतं. तरी ते कान देऊन तिची वाट पाहत होते.

नीलिमाताई दोनदा येऊन डोकावून गेल्या. नवरा झोपला असेल अशी त्यांची खात्री होती. तो जागा होता, आणि त्याचे हात मांडीवर स्थिर होते.

तीन तास अडतीस. एकोणचाळीस.

टक्.

उदयराव ताठ झाले. टक्, टक्. मग एक लांबलचक लड, जणू कोणी हातातला कंदील घेऊन खोलीचा कोपरान् कोपरा पाहत होतं. आणि त्या लडीच्या मागून, जरा वेगळ्या चालीची, अडखळणारी दुसरी टकटक.

"पिल्लू!" त्यांच्या तोंडून ओरडा फुटणार होता. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि डोळ्यांतून पाणी वाहू दिलं. मितालीने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांनी बोटानेच खूण केली, थांब, ऐकू दे.

नागरिकबंधूंनो आणि भगिनींनो, अभयारण्याच्या वेशीवर पाटी लावता येते, पण ते राखायचं आपल्या वागण्याने. प्राणी पाहायला, नदी पाहायला आपण हौसेने जातो, आणि हौसेच्या भरात आपलं घर तिथे उचलून नेतो. पण ते घर दुसऱ्याचं असतं, आणि तिथला रामसकल आपल्याला काय करू नका ते सांगत असतो. त्याचं ऐकावं. ज्याच्यावर आपलं प्रेम आहे त्याला आपला आवाज ऐकवण्याआधी, त्याचा आवाज ऐकून घ्यावा. आणि चूक झालीच, तर ती गरिबाच्या होडीवर ढकलून मोकळं होऊ नये. सरळ उभं राहून म्हणावं, तो पंप नाही, तो मी आहे!